मोठा ओंडका, छोटी करवत

"वादळात आंबा पडलाय. जळाऊ म्हणून देऊन टाकायचा, की फळ्या काढायच्या? घरच्या घरी फळ्या काढायचं छोटं यंत्र मिळतं म्हणे. खरं का?"

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये हा प्रश्न अजिबात पुस्तकी नाही. इथल्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला 1955 साली. पहिली झोतभट्टी 1959 च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि कारखान्याबरोबर नंबरवार सेक्टर वसत गेले. नागपूर-भंडारा-गोंदियाकडून नोकरीला आलेल्या मराठी माणसांनीही क्वार्टरच्या आवारात आंबा, जांभूळ, कडुलिंब लावले. त्या काळातलं झाड आज साठीला आलंय आणि खोड एका माणसाच्या कवेत मावत नाही. मे-जूनच्या वावटळीत असं झाड आडवं झालं, की फांद्या दोन दिवसांत उचलल्या जातात. खोडाचं काय करायचं, यावर मात्र चर्चा सुरू राहते.

घरगुती आरामशीन खरंच असते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये शेतकऱ्याच्या गोठ्यामागे ती दिसते. पण तिच्याकडे वळण्याआधी दोन गोष्टी बघून घेऊ.

1. आधी झाड कुणाचं, मग करवत कुणाची

क्वार्टरच्या आवारातलं झाड आपण लावलं, पाणी घातलं, आंबे खाल्ले, तरी जमीन कारखान्याची असेल तर झाडही कारखान्याचंच. पडलेल्या झाडाबद्दल आधी नगर सेवा विभागाला विचारायचं. खासगी जमिनीवरच्या झाडालाही तोडीचे आणि वाहतुकीचे नियम असतात. ते जातीनुसार बदलतात, म्हणून वन विभागाकडे चौकशी करावी.

दुसरी गोष्ट यंत्राची. छत्तीसगडला मध्य प्रदेशाकडून वारशात आलेला 1984 चा काष्ठ चिरान कायदा आरामशीन परवान्याखाली आणतो. नुसती मशीनच नाही, खड्ड्यावर हाताने लाकूड चिरण्याची जागाही त्यात येते. त्यावर 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेला आदेश आणि नंतरचे निर्देश आहेत. त्यांमुळे देशभर नव्या आरामशीनला परवानगी मिळणं फार अवघड झालं. जंगलं वाचवायची तर करवतींची संख्या आवरली पाहिजे, असा त्यामागचा विचार. परसात यंत्र मांडून शेजाऱ्यापाजाऱ्यांची लाकडं चिरून द्यायचा बेत असेल, तर तो इथेच सोडलेला बरा.

मग हे प्रकरण पुढे कशाला वाचायचं? कारण चांगली फळी यंत्राच्या किमतीवर ठरत नाही, कापांच्या क्रमावर ठरते. तो क्रम ज्याला कळला, तो परवान्याच्या आरामशीनवर ओंडका नेऊन, ट्रॉलीजवळ उभं राहून हव्या तशा फळ्या काढून घेतो. ज्याला कळला नाही, त्याला आरामशीनवाला त्याच्या सोयीच्या फळ्या काढून देतो.

2. ओंडका मोजायचा कसा

लाकडाच्या बाजारात गोल ओंडक्याचं माप घेरावरून काढतात. ओंडक्याच्या मध्यावर टेप गुंडाळा, आलेल्या घेराला चारने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि लांबीने गुणा.

समजा आंब्याच्या ओंडक्याचा घेर 8 फूट आणि लांबीही 8 फूट आहे. 8 भागिले 4 म्हणजे 2. दोनचा वर्ग 4. त्याला 8 ने गुणलं की 32 घनफूट.

शाळेतलं वर्तुळाचं सूत्र लावलं तर मात्र उत्तर 41 घनफुटांच्या जवळ येतं. मग हे 9 घनफूट गेले कुठे? गोल खोडातून चौकोनी माल काढताना कडेचं लाकूड वाया जातं, त्याची वजावट या मापात आधीच धरलेली आहे. म्हणून विकताना "घेराच्या चौथाईने" मापलं जातं की नाही, हे विचारून घ्यावं. उचलताना मात्र खरं आकारमानच विचारात घ्यायचं. ताजं लाकूड घनफुटाला साधारण पाण्याइतकं, म्हणजे 28 किलोच्या आसपास भरतं. आपला ओंडका टनाच्या वर गेला! चार माणसं आणि दोरखंड यांचं हे काम नव्हे. चेनब्लॉक नाहीतर क्रेन लागते. ओंडका जमिनीवर असेपर्यंत दोन्ही बाजूंना पाचरी ठोकून ठेवायच्या. घरंगळता ओंडका पायाने अडवायला जाणारा माणूस पाय गमावतो.

3. करवत किती लाकूड खाते

करवतीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे थोडे वाकवलेले असतात. त्यामुळे काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पातं लाकडात आवळलं जात नाही. त्या रुंदीतलं सगळं लाकूड भुसा होऊन खाली पडतं.

चेन सॉ, म्हणजे झाडं तोडायची साखळी करवत, साधारण 9 मिलिमीटरचा काप पाडते. गोल पात्याची करवत 5 मिलिमीटरच्या आसपास. अरुंद पट्ट्याची बँड सॉ फक्त 2. आता 15 इंच, म्हणजे 381 मिलिमीटर जाडीचा चौकोनी ओंडका घ्या. त्यातून 28 मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या आहेत. सुकून आणि रंधा मारून त्या इंचभर राहतील. बँड सॉवर 12 फळ्या निघतात, गोल पात्यावर 11, साखळी करवतीवर 10. लाकूड तेच, पण दोन अख्ख्या फळ्या भुशात जातात.

बँड सॉची कल्पना जुनी. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने 1808 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण पोलादी पट्टीचा सांधा टिकत नव्हता, पट्टी सारखी तुटायची. चांगलं पोलाद आणि पक्का सांधा हाती यायला शतकाचा मध्य उजाडला. छोट्या, ओढून नेता येणाऱ्या बँड सॉ मशीनचं युग त्याहून कितीतरी उशिरा आलं. अमेरिकेतल्या वुड-मायझर कंपनीची पहिली अशी मशीन 1982 ची.

त्याआधी काय होतं? खड्डा. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा. एक माणूस वर उभा, एक खाली, मध्ये लांब करवत. वरचा रेघ सांभाळतो, खालचा जोर लावतो आणि डोळ्यांत भुसा घेतो. भिलाई 1960 पासून रेल्वेचे रूळ बनवतं. तसे रूळ ज्यांवर बसत, ते सरईचे, म्हणजे साल वृक्षाचे, स्लीपर मध्य भारतातल्या जंगलांत कित्येक वर्षं अशाच हातकरवतीने चिरले गेले.

4. छोट्या तोंडात मोठा घास

आता मूळ अडचण. आपल्या ओंडक्याचा घेर 8 फूट, म्हणजे साल काढल्यावर व्यास साधारण 30 इंच. छोट्या मशीनची कापायची रुंदी समजा 26 इंच. ओंडका मशीनपेक्षा मोठा. आता?

बहुतेक जण इथे हात टेकतात. पण ओंडका गोल आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. तो 30 इंच रुंद आहे तो फक्त मध्यावर. वरच्या टोकाकडे तो अरुंद होत जातो. हिशोब केला तर माथ्यापासून साडेसात इंच खाली त्याची रुंदी बरोबर 26 इंच भरते. म्हणजे वरून साडेसात इंचांपर्यंत कुठेही करवत आरामात चालते. तेवढा भाग काढा. ओंडका पाव फेरा फिरवा, पुन्हा तेवढाच काढा. असं चार वेळा केलं की मध्ये 15 इंचांचा स्वच्छ चौकोनी ठोकळा उरतो आणि तो कुठल्याही छोट्या मशीनवर चालतो. बाजूला निघालेले साडेसात इंचांचे चार जाड तुकडेही टाकाऊ नाहीत. त्यांची सालीकडची पाठ सपाट केली की त्यांतूनही फळ्या निघतात.

यात एक अट आहे. करवत कुठेही कापो, मशीनचे दोन खांब अख्ख्या ओंडक्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकले पाहिजेत. खांबांमधलं अंतर 30 इंचांपेक्षा कमी असेल, तर हा मार्ग बंद. गाठी आणि फुगवटे यांचंही माप त्यात धरायचं.

मार्ग बंद झाला तर ओंडक्याची चौफाड करतात. लांब पट्टीच्या साखळी करवतीने, मार्गदर्शक पट्टीच्या आधाराने, ओंडका लांबीत मधोमध चिरायचा. पट्टी छोटी असेल तर एकदा वरून, एकदा खालून. मग प्रत्येक अर्धा भाग पुन्हा अर्धा करायचा. चार पाव तुकडे होतात, प्रत्येक सरळ बाजू 15 इंच, आणि वजनही पाव टनावर येतं. लाकूड सरळ रेषेचं असेल तर पोलादी पाचरी ठोकूनही ते फाकतं. पण आंबा-कडुलिंबाच्या वेड्यावाकड्या रेषांना पाचर जुमानत नाही.

चौफाडीत रुंद फळी मिळत नाही, हा तोटा. फायदा मात्र मोठा आहे, आणि तो कळायला लाकडाच्या आत डोकावावं लागतं. खोडात वर्षावर्षाची वर्तुळं असतात. सुकताना लाकूड या वर्तुळांच्या रेषेत जितकं आकसतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या रेषेत आकसतं. ओंडक्याच्या तोंडावर चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा पडतात त्या यामुळेच. पाव तुकड्यातून अशी फळी काढली, की वर्तुळं तिच्या रुंदीला काटकोनात उभी दिसतील, तर ती फळी रुंदीत कमी आकसते आणि सपाट राहते. टेबलाच्या पृष्ठभागाला, दाराच्या चौकटीला अशी फळी सोन्यासारखी. मोठा ओंडका छोट्या मशीनवर चिरायची सक्ती झाली, तर ती अशी पथ्यावर पडते.

तिसरा मार्ग म्हणजे ओंडका जिथे पडला तिथेच ठेवून करवत त्याच्यावर आणायची. ऑस्ट्रेलियातल्या लुकास मिलमध्ये दोन रूळ ओंडक्याच्या दोन बाजूंना मांडतात आणि गोल पातं एकदा आडवं, एकदा उभं फिरवून फळी मोकळी करतात. डोंगराळ रानात, जिथे क्रेन पोहोचत नाही, तिथे ही युक्ती कामाची. सेक्टर 10 च्या डांबरी रस्त्यावर तिची गरज नाही.

5. लाकडातला ताण

पहिली फळी निघाली आणि करवतीवरून उतरताच धनुष्यासारखी वाकली. आरामशीनवर नेहमी दिसणारं हे दृश्य. लोक करवतीला दोष देतात. दोष बहुधा लाकडातल्या ताणाचा असतो.

झाड उभं असताना खोडाचा बाहेरचा भाग लांबीत ताणलेला असतो आणि आतला गाभा दाबलेला. नवार ताणून विणलेली बाज आठवा. नवार ओढते, चौकट ते ओढणं सोसते, दोन्ही मिळून बाज ताठ. एका बाजूची नवार कापली की चौकट तिरकी होते. ओंडक्याच्या एकाच बाजूने फळ्या काढत गेलं की तेच होतं. बाहेरचा ताण एका अंगाचा सुटतो, उरलेला ओंडका दुसरीकडे वाकतो. पुढची फळी मग मध्ये जाड आणि टोकांना पातळ अशी निघते.

यावरचा इलाज ओंडका फिरवत राहण्याचा. एक-दोन फळ्या या बाजूने, मग उलटवून तितक्याच समोरच्या बाजूने. ताण दोन्हीकडून सारखा सुटतो. वेळ जास्त जातो, ओंडका पालथा करायला अंग मोडतं, म्हणून आरामशीनवाल्याला हे नको असतं. फेऱ्यांची जादा मजुरी आधीच ठरवून घ्यावी.

नीलगिरी या बाबतीत फार खट्याळ. तिचा ओंडका चिरताना तोंडाशी फाकतो. त्याउलट गाभ्याजवळ काप दोन्हीकडून आवळत आला तर पातं अडकतं, तापतं. जाणता कारागीर पात्याच्या मागे, नुकत्याच पडलेल्या कापात, लाकडाची बारीक पाचर सरकवतो. जवळ उभं राहून बघितलं तर पाचर बसताच करवतीचा आवाज बदलतो. घुसमटलेला, जाड आवाज मोकळा होतो आणि भुशाची धार पुन्हा सारखी पडू लागते.

कललेल्या झाडाचं किंवा जाड फांदीचं लाकूड याहून वाईट. आडवी वाढलेली फांदी स्वतःला तोलून धरण्यासाठी वरच्या बाजूला वेगळंच, ओढ धरलेलं लाकूड तयार करते. त्याच्या फळ्या सुकताना पीळ खातात. फांद्या जळणाला द्याव्यात. मोह आवरावा.

6. झाडाच्या पोटातलं लोखंड

वसाहतीतल्या झाडाला साठ वर्षांत कोण काय ठोकेल, सांगता येत नाही. कपडे वाळवायच्या तारेचा हूक, घरनंबराची पाटी, गणपतीच्या मांडवाचे खिळे. झाड ते गिळून टाकतं आणि वर नवं लाकूड चढवतं. बाहेरून काही दिसत नाही. करवतीचा दात लागला की पातं गेलं. म्हणूनच अनेक आरामशीनवाले घराजवळचं झाड चिरायला नाखूश असतात. त्यांचं चुकत नाही.

हातात धरायचा धातुशोधक मिळाला तर उत्तम. नाहीतर ओंडक्याच्या तोंडावर निळसर-काळा डाग शोधा. लाकडातला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की असा डाग पडतो. खिळे बहुधा माणसाच्या हाताच्या उंचीवर असतात, म्हणून बुंध्याकडचा चार-सहा फुटांचा भाग सगळ्यात धोक्याचा. आणि सगळ्यात जाड लाकूडही तिथेच. ही पाचर मारलेली आहेच.

7. कुठलं झाड, किती घाई

आंबा पडला की घाई करायची. त्याचं लाकूड बुरशीला लवकर बळी पडतं. पावसाळ्यात ओंडका महिनाभर मातीवर पडला तर आत निळे-काळे डाग धरतात. जांभूळ ओलाव्यात टिकतं, विहिरीच्या कामाला ते उगीच वापरत नसत. कडुलिंबाला कीड कमी लागते, पण त्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या, रंधा मारताना सुतार कुरकुरतो. काळा शिरीष मिळाला तर भाग्य समजा. गुलमोहर मात्र दिसायला कितीही भव्य असो, लाकूड हलकं, मऊ आणि किड्यांचं आवडतं. त्यावर मजुरी घालवू नये.

ओंडका लगेच चिरता येत नसेल तर दोन्ही तोंडं बंद करा. लाकडातलं पाणी तोंडांतून सर्वांत लवकर उडतं, म्हणून भेगाही तिथूनच सुरू होतात. जुना ऑइल पेंट, मेण, डांबर, काहीच नसेल तर शेण-मातीचा जाड लेप. आणि ओंडका दोन दगडांवर उचलून ठेवा.

8. फळी निघाली, काम अर्धंच झालं

ताज्या लाकडातलं पाणी दोन प्रकारचं. पेशींच्या पोकळीतलं पाणी आधी जातं आणि त्याने फळीचा आकार बदलत नाही. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेला की पेशींच्या भिंतींतलं पाणी जाऊ लागतं आणि तिथून फळी आकसते, वाकते, तडकते. खरा धोका इथून पुढे.

जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष, हा सुकवण्याचा जुना हिशोब थंड मुलखांतून आला आहे. भिलाईच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास जातो. इथे फळी त्याहून खूप लवकर सुकते. पण लवकर सुकणं चांगलं नाही. वरचा पापुद्रा सुकून आकसतो, आतलं लाकूड अजून ओलं आणि फुगलेलं, मग पृष्ठभागावर बारीक चिरा उमटतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये फळ्या गच्चीवर उन्हात टाकू नयेत. सावलीत, वारा फिरेल पण थेट लू लागणार नाही अशा जागी त्यांची रास रचावी. जिन्याखालची कोंदट जागा तितकीच वाईट, तिथे बुरशी धरते.

रास रचताना जमिनीपासून फूटभर उंच, सपाट आधार घ्या. प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर एक. सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकमेकींच्या बरोबर वर आल्या पाहिजेत; एक जरी सरकली तर तिथे फळी कायमची वाकते. माथ्यावर वजन ठेवा, पत्रा टाका. पायांशी वाळवीचा बंदोबस्त. सालीजवळच्या पांढरट लाकडावर किडा पडतो, त्याला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी फळ्या ओल्या असतानाच लावतात.

सुकली की नाही हे कसं कळायचं? फळीच्या टोकापासून फूटभर आतला छोटा तुकडा कापा आणि वजन करा. मग मंद भट्टीत, 100 अंशांच्या थोडं वर, वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवा आणि पुन्हा वजन करा. समजा आधी 118 ग्रॅम भरला आणि नंतर 100. फरक 18, म्हणजे ओलावा 18 टक्के. फर्निचरला हा जास्त आहे. 10 ते 12 च्या आसपास आला की सुताराला बोलवायचं.

एवढी खटपट नको असेल तर राशीतल्या एका फळीवर तारीख लिहा आणि दर महिन्याला तिचं वजन करा. पावसाळ्यात वजन वाढलेलं दिसेल, त्याने दचकू नका. हवेतलं पाणी लाकूड परत पितं. कोरड्या महिन्यांत लागोपाठ दोनदा वजन तेच भरलं, तर त्या हवेत फळी जितकी सुकायची तितकी सुकली. इंचाच्या फळीला भिलाईत एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा जाऊ द्यावा. त्याआधी पलंग करून देतो म्हणणाऱ्या सुताराला चहा पाजून परत पाठवा.